बरेलीच्या आधीचा रविवार

जगदीश साहेब झाला, ही गोष्ट डिलाईल रोडच्या चाळीत सगळ्यांना पटली होती; एका जगदीशला सोडून.

डेहराडूनहून तो काळी ट्रंक घेऊन उतरला त्या दिवसापासून चाळीच्या फळ्यावर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'च्या खाली, तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत, 'लेफ्टनंट जगदीश सकपाळ यांचे हार्दिक अभिनंदन' असं खडूनं लिहिलेलं होतं. फळा रामदासच्या ताब्यात असे. रामदास म्हणजे जगदीशचा बाप, त्याचे 'दादा', गिरणीत साचेवाला आणि समितीचा खंदा कार्यकर्ता. ज्या सरकारच्या पोलिसांनी तीन वर्षांमागे याच मुंबईत माणसांवर गोळ्या झाडल्या, त्या सरकारची वर्दी आपल्या पोराच्या अंगावर चढली याचं नेमकं काय करायचं, हे त्याला अजून उमगलेलं नव्हतं. कुणी खोचकपणे विचारलंच तर तो म्हणे, "पोलीस मुंबई राज्याचे, मिलिटरी दिल्लीची. आपलं भांडण..." इथं त्याच्या लक्षात येई की आपलं खरं भांडण दिल्लीशीच आहे. मग तो विडी शोधू लागे.

जगदीशच्या आईला, कौसल्येला, फळ्याकडे बघायची उसंत नव्हती. तिच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती कुठं नेऊन ठेवावी हे तिला कळत नव्हतं.

झालं होतं असं, की तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे रिटायर जमादार सीताराम सकपाळ यांनी, साऱ्या चाळीला सांगून ठेवलं होतं की नातू माझ्याच पलटणीत जाणार. महार रेजिमेंटमध्ये, आणि तोही साहेब होऊन. हे सांगताना म्हातारा असा काही ताठ उभा राही, की ऐकणाऱ्यालाही आपोआप पाठ सरळ करावी लागे. आणि जगदीशला मिळाली होती आर्मी सर्व्हिस कोअर. म्हणजे रसद, ट्रका, खेचरं, पीठ आणि तूप. मिळाली होती असं म्हणणंही तितकंसं खरं नव्हे. त्यानं ती मागून घेतली होती. घरात हे कौसल्येला आणि तिच्या नणंदेला, बकुळेला, तेवढं ठाऊक होतं.

बकुळा परळच्या म्युनिसिपल शाळेत मास्तरीण होती. लग्न तिनं केलं नव्हतं आणि त्याबद्दल तिला दुसऱ्यांइतकं वाईट वाटत नसे. जगदीशनं पुढचं सगळं सांगितलं तेव्हा तिला कोअरपेक्षा बरेलीच्या ट्रेनिंगचाच जास्त धक्का बसला.

"साहेब झालास ना? मग परत शाळा कशाला?"

"आत्या, डेहराडूनला ऑफिसर करतात. काम बरेलीला शिकवतात."

"मग दोन वर्षं तिथं काय शिकवलं?"

"उभं राहायला."

"ते मी दुसरीच्या पोरांना शिकवते. त्यांना कुणी फूल नाही लावत खांद्यावर."

जगदीश हसला. मग त्यानं समजावून सांगितलं. डेहराडूनला शेवटच्या टर्ममध्ये तो नि त्याचे सोबती सगळ्यांत वरचे. खालची पोरं त्यांना बघून धावत सुटायची. आता बरेलीत तो सगळ्यांत खालचा. पुन्हा श्रीगणेशा. पिठात भेसळ आहे का ते हातात घेऊन ओळखायचं, मांस तोलून घ्यायचं, गाडीचं इंजिन खोलून परत बसवायचं, खेचराला चंदी किती ते पाठ करायचं. आणि मग परीक्षा.

"आणि तुला तो पळण्याचा कप मिळालाय तो?"

"त्याचं नाव काढायचं नाही. नवा लेफ्टनंट डेहराडूनच्या गोष्टी सांगायला लागला की मेसमध्ये त्याची जाम खेचतात."

"म्हणजे शिकलेलं विसरायला शिकायचं. वा!" बकुळा म्हणाली. "आमच्या डायरेक्टर साहेबांना सांगते, हा उपक्रम आपल्याकडंही चालू करा."

हे बोलणं शेजारच्या राधाबाईंनी अर्धं ऐकलं. अर्धं ऐकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. संध्याकाळी नळावर त्या कौसल्येच्या कानाशी लागल्या. "वाईट वाटून घेऊ नकोस गं. आमचा माधव पण मॅट्रिकला तीनदा बसला. परत शाळेत घातलं म्हणजे काही आयुष्य संपलं नाही." कौसल्येला हसू आलं, मग राग आला, आणि मग वाटलं, बरंच आहे. नापास झाला असंच समजू देत सगळ्यांना. खरं कळण्यापेक्षा ते परवडलं.

पण खरं कळायची वेळ येऊन ठेपली होती. एक जानेवारीला म्हातारे पेन्शनर कोरेगावला जायचे होते, दरवर्षीप्रमाणे, स्तंभाला सलामी द्यायला. त्याआधीच्या रविवारी सीतारामनं पलटणीतल्या दोन जुन्या सोबत्यांना चहाला बोलावलं, आणि नातू वर्दीत बसेल असं कबूल करून टाकलं. आता वर्दी म्हणजे नुसतं कापड नव्हे. टोपीवर कोअरचा बिल्ला, खांद्यावर कोअरची पितळी अक्षरं. आयुष्यभर बिल्ले बघितलेल्या म्हाताऱ्यांना ती दारातूनच दिसली असती.

"वर्दी धोब्याकडं गेली," बकुळेनं ठरवून टाकलं. "स्टार्चला."

"आणि बाबांनी धोब्याला विचारलं तर?"

"वहिनी, चहा प्यायला बसलेली माणसं धोबी शोधायला उठत नाहीत."

इतकी साधी गोष्ट होती. कौसल्येनं मान डोलावली. गिरणीत वायंडिंग खात्यात ती दिवसभर तुटलेले धागे जोडत असे, आणि असा जोड किती वेळ टिकतो याचा तिला अंदाज होता.

रविवारी सकाळी पोहे भाजताना तिनं जगदीशला शेजारी बसवून घेतलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"आजोबांची पलटण वाईट आहे का रे?"

"कोण म्हणतं? एक नंबर पलटण आहे."

"मग?"

तो शेंगदाणे निवडत राहिला. "तिथं मी तोंड उघडायच्या आधीच सगळ्यांना माहीत असणार मी कोण ते. चांगलं काम केलं तर म्हणणार, आपल्या माणसांत आहे म्हणून जमलं. सर्व्हिस कोअरमध्ये मी नुसता सकपाळ. सकपाळ मराठ्यांत असतात, आपल्यातही असतात. ज्याला जे समजायचं ते समजू दे."

"आणि कुणी सरळ विचारलं तर?"

"बघू तेव्हाचं तेव्हा."

"लपवणार?"

यावर त्यानं मान वर केली. "तुम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतलीत. जात सोडून आलो म्हणालात. दादांनी चाळभर पेढे वाटले. तुम्ही सोडलीत तर धम्म, आणि मी सोडली तर लपवाछपवी?"

कौसल्येचे पोहे करपले. तिला एवढंच समजत होतं की सोडणं वेगळं आणि टाकून देणं वेगळं, आणि आपलं पोर या दोहोंच्या मधोमध कुठंतरी उभं आहे. तो मोठा व्हावा म्हणून तिनं रात्रपाळ्या केल्या होत्या. तो इतका मोठा व्हावा की त्याला घर सांगता येऊ नये, असं मात्र तिनं कधी मागितलं नव्हतं.

चार वाजता पाहुणे आले. भिवा हवालदार, रुंद छातीचा, बोलका, आता एका पेढीच्या दारावर वॉचमन. आणि बाबुराव नाईक, मुळात अबोल, त्यात एका कानानं अधू; पण कोटावर पदकं एका रांगेत लावून आलेला. "जय भीम" झाला, जगदीश पाया पडला, भिवानं त्याला अर्ध्यावरच धरून उभा केला. "अरे अरे, साहेबानं हवालदाराच्या पाया पडायचं नसतं! आम्हाला कोर्टमार्शल करशील काय?"

चहा आला, चिवडा आला. भिवानं बशीत चहा ओतला आणि इकडंतिकडं बघितलं. "पण साहेब साध्या कपड्यांत?"

"वर्दी धोब्याकडं गेलीय," बकुळा म्हणाली. वर्गात बाई जितक्या खात्रीनं चुकीचं गणित फळ्यावर सोडवतात, तितक्या खात्रीनं.

"धोब्याकडं?" सीतारामनं बशी खाली ठेवली. "काल तर ट्रंकेत होती."

बकुळेनं घाईनं चिवडा पुढं सरकवला.

"तुम्ही सगळी कामावर गेलात नि हा पोरगा दोस्तांना भेटायला बाहेर पडला की मी रोज काढतो. ब्रासो मारतो आणि ठेवून देतो. पितळ एक दिवस तसंच ठेवलं तर रुसतं." म्हातारा उठला, खाटेखालची ट्रंक ओढली, आणि घडी न मोडता वर्दी बाहेर काढून पाहुण्यांच्या मधोमध टेबलावर ठेवली. खांद्यावरची अक्षरं झळझळत होती. अशी, की बाबुरावांना चष्मा लावायची गरज पडली नाही.

बाबुराव वाचत होते. भिवा वाचून गप्प झाला होता, आणि भिवा गप्प झाला की खोली उगाच मोठी वाटे. कौसल्येला धरणी दुभंगावीशी वाटली. सासऱ्यांना कळलं याचं नव्हे. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं आणि आपण तोंडासमोर खोटं बोलत राहिलो, याचं.

बोलण्याला तोंड फोडलं ते रामदासनं. "हे काय आहे? बाबांनी साऱ्या चाळीला सांगितलं महार रेजिमेंट म्हणून! तू आम्हाला एका शब्दानं..." गंमत अशी, की लष्कराच्या नावानं रामदास आयुष्यभर बापाशी भांडत आला होता. साहेबाच्या लढाईत मरायला गेलात, असं त्यानं बापाला या खोलीत किती वेळा सुनावलं असेल. आज एकाएकी त्याला बापाच्या पलटणीचा अपमान सोसवेना.

"तू गप," सीताराम म्हणाला. "वर्दीतलं तुला काय कळतं? मोर्चा काढायला सांगितला तर बोल."

"बाबा, मी तुमच्या बाजूनं बोलतोय!"

"म्हणूनच म्हणतो गप." मग तो सोबत्यांकडे वळला. "आणि तुम्ही काय मयताला आल्यासारखे बसलात? रसदवाला आहे माझा नातू. भिवा, सरहद्दीवर त्या चौकीत बर्फानं रस्ता बंद झाला, खेचरं आली नाहीत, तेव्हा कोण रडलं होतं?"

"मी नव्हतो रडलो," भिवा म्हणाला. "पोट रडलं होतं."

"मग? ही तीच खेचरं."

भिवा हसला, हसणं थोडं उसनं होतं, पण चहा पुन्हा सुरू झाला. कौसल्येनं धीर करून विचारलं, "बाबा, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"तो आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"कोण सांगायला येतंय ते बघत होतो," सीताराम म्हणाला. कुणाकडेही न बघता म्हणाला, म्हणून ते सगळ्यांना लागलं. जगदीशनं काही बोलायला तोंड उघडलं तेव्हा म्हाताऱ्यानं हातानंच त्याला थांबवलं. "का मागितलीस ते नको सांगू. मी जन्म काढलाय. मला सांगायला लागत नाही."

त्यानंतर जे झालं त्याला शिकवणीच म्हणायचं. सीतारामनं नातवाला समोर उभा केला आणि बरेलीत काय काय वाढून ठेवलंय ते सांगायला बसला. त्यातलं निम्मं गोऱ्या साहेबांच्या वेळचं होतं. घोड्याला सलाम कसा करतात, हेही त्यात येऊन गेलं. पण उरलेलं निम्मं जगदीश मन लावून ऐकत होता.

"डेहराडून विसर. तिथं तू उस्ताद होतास, आता उमेदवार. सुभेदार साहेब तुला कडक सलाम ठोकील, आणि ठोकताना मनात म्हणेल, बघू या हे कार्टं किती तग धरतंय ते. त्याला नावानं हाक मारू नकोस. तो तुला साहेब म्हणेल, तूही त्याला साहेब म्हण. जवानांच्या लंगरात जेव. समजलं नाही तर विचार. सगळं समजलं असं दाखवणारे लेफ्टनंट आमच्याकडं पुष्कळ आले. त्यांना आम्ही काहीच सांगत नसू."

"मग त्यांचं काय व्हायचं?" बकुळेनं विचारलं.

"कॅप्टन व्हायचे."

भिवाला ठसका लागला. म्हाताऱ्याचा चेहरा मात्र हलला नाही. "आणि पहिल्या दिवशी मेसमध्ये सगळ्यांसमोर उभं करतात. नाव काय, गाव कुठलं, घरी कोण, बाप काय करतो, आजा काय करायचा. हसत हसत विचारतात. पण ऐकणारे ध्यान देऊन ऐकतात."

"आजोबा, तुम्ही कधी गेला होता ऑफिसर मेसमध्ये?"

"आत कशाला जायला पाहिजे? खिडक्या उघड्या असायच्या." त्यानं भिवाला खूण केली. "भिवा, तू कर्नल हो."

भिवाला असली कामं आवडत. तो लोखंडी खुर्चीत रेलून बसला, मिशीवर हात फिरवला, चिवड्याची बशी पोटावर ठेवली. रामदासही नकळत हसला. "हां, यंगमॅन! नेम?"

जगदीशच्या टाचा आपोआप जुळल्या. "सेकंड लेफ्टनंट जगदीश रामदास सकपाळ, सर!"

"होम?"

"दापोली तालुका. आता मुंबई, सर."

"फादर?"

"गिरणी कामगार, सर."

रामदासनं छाती फुगवली. एका कर्नलसमोर गिरणीचं नाव निघालं होतं, मग तो कर्नल भिवा का असेना.

"गुड, व्हेरी गुड," भिवा रंगात आला होता. "आणि आजोबा?"

"आर्मीत होते, सर."

"असं? शाबास! कुठली पलटण?"

प्रश्न तोंडातून निघून गेल्यावर तो काय आहे ते भिवाला कळलं. बशी पोटावरच राहिली. बाबुरावांनी ऐकू येणारा कान पुढं केला. तीन म्हातारे एका एकवीस वर्षांच्या पोराच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिघांनाही उत्तर ठाऊक होतं, तिघांनाही ते त्याच्या तोंडून हवं होतं. ते नाव खांद्यावर मिळावं म्हणून बाबासाहेबांना किती झगडावं लागलं होतं, हे या तिघांना पाठ होतं.

कौसल्या मनात म्हणत होती, सांग. आपल्या घरात आहेस, आपल्या माणसांत आहेस, इथं तरी सांग. तो दारातल्या उजेडाकडे बघत राहिला. तो नाटक करत नव्हता, हे तिला दिसत होतं. तो खरोखर बरेलीच्या मेसमध्ये उभा होता, आणि तिथल्या लोकांची तोंडं बघत होता.

"भिवा," सीताराम सावकाश म्हणाला, "तो प्रश्न राहू दे. आधीचंच उत्तर चुकलं. आर्मीचं नाव काढलं की पलटण विचारणारच." तो नातवाच्या जवळ आला आणि त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. "आजा गोदीत होता म्हणून सांग."

"आजोबा, तसं नाही..."

"खोटं नाही ते. पहिली लढाई संपली आणि सरकारनं आमची पलटण मोडली. जा म्हणाले घरी. वीस वर्षं मी गोदीत गोण्या वाहिल्या. दुसरी लढाई पेटली तेव्हा त्यांना आमची आठवण झाली. वीस वर्षं गोदी आणि दोन्ही लढाया मिळून दहा वर्षं पलटण. मग मी कोण झालो? गोदीवालाच." तो हे असं सांगत होता, की जणू फार दिवस अडलेलं काम आज सहज मार्गी लागलं. "गोदीत सगळ्या जातींची माणसं असतात. पुढं कुणी काही विचारणार नाही."

बकुळेनं पदर तोंडाशी नेला. रामदासला काहीतरी ओरडून म्हणायचं होतं, पण ते कुणाच्या विरुद्ध म्हणावं हे त्याला समजेना.

आणि जगदीशचे खांदे सैल झाले. थोडेसेच. दुसऱ्या कुणाला दिसले नसते, कौसल्येला दिसले. पोराला सुटल्यासारखं वाटलं होतं. तिच्या मनात आलं, उठावं आणि त्याच्या एक कानफटात द्यावी. पण ती कुठल्या तोंडानं उठणार होती? वर्दी धोब्याकडं धाडायला तीही तयार झाली होती.

"विचार परत," सीताराम भिवाला म्हणाला.

"जमादार, जाऊ दे ना. चहा गार..."

"हुकूम आहे. विचार."

भिवानं बशी खाली ठेवली. त्याचा कर्नलचा आवाज कुठं गेला ते कळलं नाही, आपल्या साध्या, दापोलीच्या आवाजात त्यानं विचारलं, "आजोबा काय करायचे, बाळा?"

"गोदीत होते, सर."

आवाज स्वच्छ होता. डेहराडूननं त्याच्यावर दोन वर्षं घालवली होती ती फुकट गेली नव्हती. गॅलरीच्या टोकापर्यंत ऐकू गेला असेल. फक्त नजर पायाशी होती.

"मान वर," सीताराम म्हणाला. "पुन्हा एकदा सांग."